मुक्या सोबत्याचे दायित्व
(इयत्ता चौथी, परिसर अभ्यास. तासिका दोन.)



पाळीव प्राण्यांचा पाठ आपल्या वर्गात दरवर्षी होतच असतो. गाय दूध देते, बैल शेत नांगरतो, कुत्रा घराची राखण करतो, ही वाक्ये मुलांना पहिलीपासून मुखोद्गत असतात. त्या वाक्यांत प्राणी माणसाला काय देतो एवढीच मोजदाद आहे. माणसाने प्राण्याला काय द्यावयाचे, किती वर्षे द्यावयाचे, आणि ते आपल्याने होण्यासारखे नसेल तर काय करावयाचे, याची चर्चा क्वचितच होते. ती उणीव भरून काढावी या हेतूने प्रस्तुत पाठ योजिला आहे. निराश्रित प्राण्यांच्या निवारागृहातून कुत्रा किंवा मांजर घरी आणून सांभाळणे, हा त्याचा विषय होय. शिरूर तालुक्यातील इनामगाव आणि त्याची पंचक्रोशी डोळ्यांपुढे ठेवून पाठाची आखणी केली आहे. इतर ठिकाणच्या शिक्षकांनी आपापल्या परिसरास अनुसरून उदाहरणे बदलून घ्यावीत.

उद्दिष्टे

१) निवारागृह म्हणजे काय व तेथे प्राणी कसे येतात हे विद्यार्थ्यांस समजावे.
२) प्राणी घरी आणण्यापूर्वी कोणता विचार करावा हे त्यास सांगता यावे.
३) कुत्रा चावल्यास काय करावे हे त्यास तोंडपाठ व्हावे.
४) घेतलेली जबाबदारी शेवटपर्यंत निभावावी लागते, हा संस्कार त्याच्या मनावर व्हावा.

प्रस्तावना

पाठाचा प्रारंभ मुलांच्या पायाखालच्या मातीपासून करावा. इनामगावी घोड नदीच्या काठी जे पांढरीचे टेकाड आहे, तेथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर व डॉ. झै. दा. अन्सारी या विद्वानांचे ते कार्य सर्वश्रुत आहे. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी येथे शेतकऱ्यांची वस्ती होती. त्यांची घरे, धान्य साठविण्याची बळदे, रंगीत मडकी आणि मुलांची दफने तेथे उजेडात आली. त्याच मातीत प्राण्यांची पुष्कळ हाडे मिळाली व तज्ज्ञांनी ती ओळखून वेगळी केली. त्यांत गाय-बैल, म्हैस, शेळी, मेंढी यांच्याबरोबर कुत्र्याचीही हाडे आहेत.

येथे थांबून वर्गास विचारावे : "त्या काळच्या मुलाच्या घरी कुत्रा कशासाठी असेल?" मुले राखण, शिकार, मेंढरांची सोबत अशी उत्तरे देतील. सर्व उत्तरे फळ्यावर लिहावीत. मग दुसरा प्रश्न विचारावा : "त्या कुत्र्याला भाकरी कोण देत असेल?" या प्रश्नापाशी वर्ग क्षणभर शांत होतो, असा माझा अनुभव आहे. त्या शांततेतूनच पुढील पाठास आरंभ करावा.

मराठी मुलखातील कथा-परंपराही येथे उपयोगी पडते. जेजुरीच्या खंडोबापाशी कुत्रा असतो, दत्ताच्या तसबिरीत चार कुत्रे असतात, आणि कुत्र्याने भाकरी पळविली तेव्हा नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले ही कथा आजी नातवंडांस सांगत आली आहे. ही उदाहरणे मुलांकडूनच वदवून घ्यावीत.

विषयविवेचन

(अ) निवारागृह म्हणजे काय?

'पांजरपोळ' हा शब्द पुष्कळ मुलांनी घरी ऐकलेला असतो. म्हाताऱ्या, लुळ्या-पांगळ्या व टाकून दिलेल्या जनावरांस जेथे आसरा मिळतो ती जागा म्हणजे पांजरपोळ. मुंबईतील भुलेश्वरच्या पांजरपोळाचा इतिहास या दृष्टीने सांगण्याजोगा आहे. १८३२ साली इंग्रज सरकारने मुंबईच्या रस्त्यांवरील मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम अमलात आणला, तेव्हा शहरात, विशेषतः पारशी समाजात, मोठा प्रक्षोभ उसळला. दुकाने बंद झाली, दंगा झाला. त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि गुजराती व्यापारी मंडळी यांच्या पुढाकाराने तेथे पांजरपोळ उभा राहिला. नुसता विरोध करून लोक थांबले नाहीत. ज्या जिवांसाठी भांडलो त्यांच्या दाणापाण्याची सोयही त्यांनी लावली, हा त्या घटनेतील बोध होय.

आपल्या जिल्ह्यात भोसरी येथे पांजरपोळ आहे. पुणे शहरात ब्लू क्रॉस सोसायटी, रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट अशा संस्था जखमी व निराधार प्राण्यांसाठी कार्य करीत आल्या आहेत. अशा निवारागृहांत प्राणी कोठून येतात? कोणी वाहनाखाली सापडून पाय मोडलेला असतो. कोणाची आई मेलेली असते. आणि कित्येकांस एकेकाळी घर होते, पण मालकाने हौस फिटल्यावर त्यांस रस्त्यावर सोडलेले असते. हा तिसरा प्रकार वर्गात अवश्य सांगावा.

निवारागृहात प्राण्याचे औषधपाणी होते, त्यास लस टोचली जाते, आणि पिलावळ वाढू नये म्हणून त्याचे निर्बीजीकरण केले जाते. शस्त्रक्रिया झालेल्या रस्त्यावरील कुत्र्याच्या कानाचा तुकडा खुणेसाठी कापलेला असतो. मुले असा कान पाहून "कोणी बिचाऱ्याचा कान तोडला" असे म्हणतात. त्यांस खरे कारण सांगावे. निवारागृहातील जागा मात्र मोजकी असते. आतील एखादा प्राणी चांगल्या घरी गेला तरच बाहेर तळमळत असलेल्या दुसऱ्यास आत जागा होते. म्हणून तेथून प्राणी आणणारे कुटुंब एकाच वेळी दोन जिवांस आसरा देत असते.

या विषयास अलीकडे आणखी एक कारण घडले आहे. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके इत्यादींच्या आवारातील मोकाट कुत्री तेथून हलवून, निर्बीजीकरण व लसीकरण करून, निवारागृहांत ठेवण्याचे निर्देश दिले. अशा वेळी निवारागृहांवरील भार वाढणार हे उघड आहे. शाळेच्या बाजूने आपणही एक गोष्ट करावी : शालेय पोषण आहाराचे खरकटे उघड्यावर टाकू देऊ नये. कुत्री शाळेत येतात ती बहुधा त्या वासाने.

(आ) आणण्यापूर्वी

पुढील पाच प्रश्न फळ्यावर लिहून मुलांस वहीत उतरवून घेण्यास सांगावे.

१) घरातील सर्व माणसांची संमती आहे काय? आजी-आजोबांस विचारले काय?
२) कुत्रा दहा ते तेरा वर्षे जगतो. तेवढी वर्षे त्यास कोण सांभाळील?
३) त्याचे रोजचे खाणे, दरवर्षीची लस व आजारपण यांचा खर्च घरास झेपेल काय?
४) घर बंद करून बाहेरगावी जाण्याची वेळ आली तर त्यास कोणाकडे ठेवणार?
५) रात्री त्यास बंदिस्त जागेत ठेवण्याची सोय आहे काय?

दुसऱ्या प्रश्नाचे गणित मुलांकडूनच करवून घ्यावे. आज नऊ वर्षांच्या असलेल्या मुलाने पिलू आणले, तर तो प्राणी म्हातारा होईल तेव्हा मुलाचे वय किती असेल? वीस-बावीस. तोपर्यंत शाळा सुटलेली असेल, कदाचित गावही सुटलेले असेल. हे उत्तर स्वतः काढल्यावर मुले जितकी विचारात पडतात, तितकी शंभर उपदेशांनी पडत नाहीत.

निवारागृहातील लोकही असेच प्रश्न विचारतात. ते अर्ज भरून घेतात, ओळखीचा पुरावा मागतात, कधी घर पाहून जातात आणि प्राण्यास टाकून देणार नाही असे लिहून घेतात. यात अविश्वास मानू नये. लेक देताना घर पाहण्याची आपली रीतच आहे.

एक गोष्ट शिक्षकांनी विशेष जपावी. वर्गात ऊसतोडीसाठी हंगामी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची मुले असतात, भाड्याच्या एका खोलीत राहणारी असतात, ज्यांच्या घरी रोजच्या भाकरीचीच ओढाताण आहे अशीही असतात. "आमच्याकडे जमणार नाही" असे एखाद्या मुलाने सांगितले, तर ते उत्तर वर्गासमोर योग्य म्हणून मान्य करावे. विचारपूर्वक दिलेला नकार हाही दयेचाच एक प्रकार आहे. उन्हाळ्यात घराबाहेर पाण्याचे भांडे ठेवणे, जखमी जनावर दिसताच मोठ्या माणसास कळविणे, दगड मारणाऱ्या मित्रास आवरणे, ही कामे कोणत्याही मुलास करता येतात.

(इ) आणल्यानंतर

नवीन घरात आलेला प्राणी भेदरलेला असतो. तो कोपऱ्यात बसतो, खात नाही, रात्री विव्हळतो. त्यास पाहण्यासाठी सारी आळी गोळा होऊ देऊ नये. पहिले काही दिवस त्यास एकच शांत जागा, पाण्याचे भांडे व ठरलेल्या वेळी खाणे द्यावे. तो आपण होऊन जवळ येईपर्यंत वाट पाहावी. जेवत असलेल्या किंवा निजलेल्या कुत्र्यास हात लावू नये. पिले असलेल्या कुत्रीच्या जवळ जाऊ नये.

खाण्यास भाकरी, भात, उकडलेले अंडे असे घरातले अन्न चालते; मात्र कांदा, द्राक्षे, बेदाणे व चॉकलेट कुत्र्यास बाधतात. शिजविलेली हाडे मोडून त्यांच्या कपच्या होतात व घशात किंवा आतड्यात रुततात, म्हणून तीही देऊ नयेत. पिलू तीन महिन्यांचे होताच त्यास रेबीजची लस टोचवावी आणि पुढे पशुवैद्यांच्या सल्ल्याप्रमाणे दरवर्षी ती चालू ठेवावी. निवारागृहातून मिळालेला लसीकरणाचा कागद घरातील महत्त्वाच्या कागदांबरोबर जपून ठेवावा.

प्राण्यास रात्रंदिवस आखूड साखळीने बांधून ठेवणे, उपाशी ठेवणे, किंवा अन्नपाण्यावाचून तडफडेल अशा रीतीने सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाप्रमाणे गुन्हा आहे. ते विधेयक संसदेत येण्यास नृत्यकलेतील थोर विदुषी व राज्यसभा सदस्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचे प्रयत्न कारणीभूत झाले. पुढे १९६२ मध्ये स्थापन झालेल्या प्राणी कल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्षा होत्या. पाठ्यपुस्तकाच्या आरंभी नागरिकांची मूलभूत कर्तव्ये छापलेली असतात. त्यांत प्राणिमात्रांविषयी दया बाळगण्याचे कर्तव्यही आहे; ते वाक्य मुलांनी स्वतः शोधून वाचावे.

(ई) आपल्या परिसरातील दोन धोके

पहिला धोका पिसाळ रोगाचा, म्हणजे रेबीजचा. या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली म्हणजे रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते. परंतु वेळीच उपचार केल्यास तो पूर्णपणे टाळता येतो. ६ जुलै १८८५ रोजी पॅरिस येथे लुई पाश्चर यांनी जोसेफ मायस्टर या मुलास पहिल्याने लस देवविली. पिसाळलेल्या कुत्र्याने त्यास अनेक ठिकाणी चावे घेतले होते. तो वाचला. त्याचे वय तेव्हा नऊ वर्षांचे होते, म्हणजे आपल्या चौथीतील मुलाएवढे.

कुत्रा वा मांजर चावल्यास, किंवा नखाने ओरखडल्यास, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. तिखट, चुना, हळद, तेल यांपैकी काहीही लावू नये. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लस घ्यावी आणि सांगितलेल्या तारखांस उरलेल्या मात्राही पूर्ण कराव्यात. चावा खोल असल्यास डॉक्टर जखमेत आणखी एक औषध टोचतात. त्यास नकार देऊ नये. पिलू लहान होते किंवा कुत्रा घरचाच होता, म्हणून हयगय करू नये. पुष्कळदा मूल घरच्यांच्या रागाच्या भयाने चावा लपविते व तेच प्राणघातक ठरते. "सांगितल्यास तुला कोणी रागावणार नाही" असे आश्वासन शिक्षकाने सर्व वर्गासमोर द्यावे आणि पालकसभेतही तसे सांगावे.

दुसरा धोका बिबट्याचा. घोड नदीच्या दोन्ही अंगांस उसाचे फड वाढले आणि बिबट्या त्यांत राहू लागला. कुत्रा हे त्याचे आवडते भक्ष्य आहे. अंगणात साखळीने बांधलेल्या कुत्र्यास तर पळताही येत नाही, आणि त्याच्या वासाने बिबट्या थेट माणसांच्या दारापर्यंत येतो. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आपल्याच तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत बालकांचे प्राण गेले, हे दुःख अजून ताजे आहे. म्हणून वस्तीवर कुत्रा पाळावयाचा तर रात्री त्यास दाराच्या आत किंवा पक्क्या जाळीच्या खोपटात ठेवलेच पाहिजे. ती सोय नसेल तर कुत्रा आणू नये.

याच ओघात एक सूचना द्यावी. ऊसतोडीच्या वेळी फडात बिबट्याची पिले सापडतात. ती मांजराच्या पिलांसारखी गोजिरी दिसतात, पण त्यांस हात लावू नये, घरी आणू नये. वनविभागास १९२६ या क्रमांकावर कळवावे. वनकर्मचारी त्या पिलांची त्यांच्या आईशी भेट घडवून आणण्याचा प्रयत्न करतात. पोपट, मुंगूस, खार, कासव हे प्राणीही वन्यजीव होत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमामुळे त्यांस पिंजऱ्यात पाळता येत नाही.

एक अनुभव

आता माझ्या स्वतःच्या एका चुकीची हकीकत सांगतो; उपयुक्त वाटल्यास वर्गात सांगावी. सुमारे तीस वर्षांपूर्वी मी एका द्विशिक्षकी शाळेत नव्याने रुजू झालो होतो. पावसाळ्यात एक भिजलेले पिलू शाळेच्या पडवीत आले. मुलांनी त्याचे नाव मोती ठेविले. डब्यातील चतकोर भाकरी जो तो त्यास देई. मोती प्रार्थनेच्या वेळी रांगेच्या टोकाला बसे. त्याच्या ओढीने दोन गैरहजर राहणारी मुलेही नियमित येऊ लागली. मी मोठ्या अभिमानाने सर्वांस सांगत असे की, आमच्या शाळेने कुत्रा पाळला आहे.

मे महिन्याची सुटी लागली. मी माझ्या गावी गेलो. मुले मामाच्या गावी, शेतावर, वस्त्यांवर पांगली. प्रत्येकास वाटले, मोतीकडे दुसरा कोणी पाहील. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मोती नव्हता. शेजारच्या वस्तीवरील एका बाईने सांगितले, "गुरुजी, लई दिवस पडवीतच बसून होता. बोलावलं तरी यायचा नाही. मग एक दिवस दिसला नाही." पडवीतील रांजण कोरडा पडला होता.

मुले रागावली नाहीत. एकीने फक्त एवढेच विचारले, "गुरुजी, तो कुणाचा होता?" मला उत्तर देता आले नाही. सर्वांचा होता म्हणूनच तो कोणाचाच नव्हता. ती व्यवस्था करणे माझे काम होते व मी ते केले नव्हते. त्या दिवसापासून मी असे मानतो की, शाळेने प्राणी पाळू नये; घराने पाळावा, आणि त्या घरातील एका प्रौढ माणसाचे नाव त्या जबाबदारीपुढे लिहिलेले असावे.

उपक्रम

१) प्रत्येक गटाने एका काल्पनिक कुत्र्यासाठी बारा महिन्यांचा 'सांभाळ तक्ता' करावा. खाणे, पाणी, फिरविणे व लस यांपुढे घरातील जबाबदार व्यक्तीचे नाते लिहावे. मे महिन्याचा व दिवाळीच्या सुटीचा रकाना कोरा राहता कामा नये.
२) शक्य असल्यास जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातील अधिकाऱ्यांस वर्गात निमंत्रित करावे. आजारी जनावरासाठी १९६२ हा क्रमांक मुलांस सांगून ठेवावा.
३) २८ सप्टेंबर हा पाश्चर यांचा स्मृतिदिन जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी जखम धुण्याचे प्रात्यक्षिक सर्व वर्गांस दाखवावे.

स्वाध्याय

१) निवारागृहात प्राणी कोणत्या कारणांनी येतात?
२) कुत्रा चावल्यावर पहिली गोष्ट कोणती करावी? काय लावू नये?
३) वस्तीवर रात्री कुत्रा बाहेर का बांधू नये?
४) तुमच्या घरी आज प्राणी आणता येईल काय? होय किंवा नाही, कारणासह पाच ओळींत लिहा.

चौथ्या प्रश्नाची उत्तरे तपासताना 'होय' व 'नाही' या दोहोंस सारखेच गुण द्यावेत. गुण कारणांस आहेत. ज्या मुलाने मे महिन्याचाही विचार केला असेल, त्याच्या वहीवर शाबासकीचा एक शब्द अवश्य लिहावा.